‘फायर’मधला फ

“अरे बोल! बोल, नंबर एक! तोप तेरे मुँह का रास्ता देख रही है!”

उस्ताद ओरडत होते. आमचे उस्ताद हरियाणाचे. त्यांचा आवाज असा, की ते देवळालीच्या रेंजवर शिंकले तर तिकडे सटाण्यात गुरं दावी तोडतात. असा माणूस माझ्या कानापासून हातभर अंतरावर उभा राहून ओरडत होता आणि मी ढिम्म.

तोफेत गोळा भरलेला होता. नेम लागला होता. दोरी धरलेला जवान वाकून माझ्याकडे बघत होता. मी होतो नायक, नंबर एकच्या केडरला, म्हणजे प्रशिक्षणाला, आलेला. नंबर एक म्हणजे एका तोफेच्या टोळीचा म्होरक्या. मागून साहेबाचा हुकूम आला की तो आपल्या तोफेला ओरडून द्यायचा, एवढंच त्याचं शेवटचं काम. एकच शब्द. फायर.

मी छाती भरून श्वास घेतला, खालचा ओठ वरच्या दातांना लावला, आणि तो तिथेच चिकटला. शेजारच्या तोफांचे गोळे गेले, समोरच्या डोंगरावर फुटले, धूर उठला, धूर विरला. आभाळात एक घार होती, ती चक्कर मारून परत आली, आमच्या तोफेकडे बघून पुन्हा गेली. खोटं वाटेल, पण त्या वेळात पलीकडच्या टेकडीवर गवत उगवलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. माझा फ मात्र काही बाहेर येईना.

शेवटी उस्तादांनीच आरोळी दिली, “फायर!” जवानानं दोरी ओढली. तोफ मागे बसली, कान बंद झाले, गोळा गेला. पण तो माझा नव्हता.

नंतर उस्तादांनी मला बाजूला घेतलं. त्यांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. “बेटा,” ते म्हणाले, “तेरे जैसा निशाना लगानेवाला मैंने देखा नहीं. लेकिन लड़ाई में दुश्मन तेरे फ के लिए रुकेगा नहीं.”

वरिष्ठांनी ठरवलं ते असं. कॅम्पातल्या लष्करी रुग्णालयात बोलण्याचे उपचार सुरू होणार होते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, काही आठवडे सलग. तिथं जायचं. परत आल्यावर तोफेवर आणखी एक संधी. तेव्हाही अडकलो तर तोफ कायमची सुटली, आणि मग मी कांबळ्यांच्या स्टोअरमध्ये. कांबळी मोजणं हे काही वाईट काम नाही. थंडीत तोफेपेक्षा कांबळंच जास्त उपयोगी पडतं. पण चांदवडच्या घाटाखालून मी तोफखान्यात आलो तो कांबळी मोजायला नव्हे.

आता थोडं मागचं सांगतो, म्हणजे हा फ किती जुना वैरी होता ते कळेल. मी अडखळायला लागलो तेव्हा आईनं वेखंड उगाळून माझ्या जिभेला लावलं. इतकं लावलं, की बागलाणपासून चांदवडपर्यंत दुकानांत वेखंड मिळेनासं झालं. जिभेला चव राहिली नाही, पण अडखळणं राहिलं. बाकीची अक्षरंही अधूनमधून त्रास द्यायची, पण त्यांचा सरदार फ. आणि सरदारापेक्षा मोठा बादशहा म्हणजे माझं स्वतःचं नाव. ते मी इथेही सांगणार नाही. ते नीट म्हणायला मला जवळजवळ तीस वर्षं लागली, ते असं कागदावर फुकट कशाला घालवू?

मग मी युक्ती काढली. जो शब्द अडतो त्याला वळसा घालायचा. दिवाळीत कुणी विचारलं, काय खाल्लं रे, तर बाकीची पोरं एका शब्दात फराळ म्हणून मोकळी. मला मात्र चकली, चिवडा, शंकरपाळे, करंज्या, तीन तऱ्हेचे लाडू, शिवाय शेजारणीच्या अनारशाला जाळी कशी पडली नाही, इथपर्यंत सगळं सांगावं लागायचं. लोक म्हणायचे, पोरगं काय गोष्टी सांगतं! कुणाला काय माहीत, की मी गोष्ट सांगत नव्हतो, एका अक्षराच्या मागच्या दारानं पळत होतो. वडिलांना मला सांगायचं होतं की फौजेत जायचंय. ते न जमल्यामुळे मी देशाची सीमा, तिथलं बर्फ, छातीवरची पदकं असं काहीतरी अर्धा तास बोललो. वडील पाणी पाजत होते कांद्याला. ते म्हणाले, “मिल्ट्रीत जायचंय व्हय? मंग जा की. येवढं काय त्यात?”

भरतीत पायांनी वाचवलं. धावणाऱ्याला कुणी बोल म्हणत नाही. कसम परेडला तर सगळे एका सुरात बोलतात, आणि तिथं माझा आवाज सगळ्यांत खणखणीत. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा माझ्या आईनं डोळेच मिटले. पण उखाण्याला चाल असते, ताल असतो. तालावर मी कधी अडलो नाही. बायकोचं नाव असं काही घेतलं, की सासरे शेजाऱ्याला म्हणाले, जावई वक्ता आहे. खरं काय ते त्यांना पहिल्या आषाढात मी सासरी जेवायला गेलो तोपर्यंत कळलं नाही.

तर अशी ही पळवाटांची कारकीर्द घेऊन मी रुग्णालयात दाखल झालो.

आम्ही सात जण होतो. ओझरचा एक हवाईदलाचा, एक पंजाबी ड्रायव्हर, केरळचा एक क्लार्क, असे देशभरातले. सगळ्यांत वरिष्ठ एक गढवाली नायब सुभेदार. छातीवर पदकांची अशी दाटी, की आणखी एक मिळालं असतं तर पाठीवर लावावं लागलं असतं. हा माणूस गोळीबारात रांगत जाऊन जखमी साथीदाराला ओढून घेऊन आलेला, पण फोन वाजला की बाथरूममध्ये जायचा. पहिल्या दिवशी सगळे एकमेकांकडे बघत बसलो. सात फौजी एका खोलीत, आणि एवढी शांतता की पंख्याला सुद्धा लाज वाटावी.

तेवढ्यात मॅडम आल्या. पंचवटीत वाढलेल्या, उंचीनं माझ्या कोपराला लागतील एवढ्या. आल्या, आणि सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत म्हणाल्या, “आजपासून कोणीही शब्द बदलायचा नाही. जो शब्द अडतो, तोच म्हणायचा.”

मी मनात म्हटलं, झालं, आता माझं सगळं साहित्य बुडालं.

त्यांनी आधी आमची मोबाइलवर चित्रफीत काढली आणि आम्हालाच दाखवली. मी अडकतो तेव्हा कसा दिसतो हे मी कधी पाहिलं नव्हतं. डोळे मिटलेले, मान वर, गळा ताठ. पाणी पिणारी कोंबडी, वर्दीतली. मी मॅडमना विचारलं, हे पुसून टाकता येईल का. त्या म्हणाल्या, “नाही. हीच तर आपली रेकी आहे. शत्रू कुठं बसलाय ते आता कळलं.”

मग सुरू झाली कवायत. श्वास आधी सोडायचा, आवाज त्याच्या मागून. ओठ दातावर टेकवायचा तो पीस ठेवल्यासारखा. प्रत्येक शब्द ताणायचा, जोडायचा, असा सावकाश, की पहिले काही दिवस आम्ही ‘नमस्कार’ म्हणायला लागलो की चहा यायचा, पिऊन व्हायचा, कप विसळून जायचे, आणि मग ‘र’ यायचा. आणि मॅडमचा एकच जप: “ढकलू नका.”

हेच आमच्यासाठी सगळ्यांत कठीण होतं. तोफखान्यातला माणूस आयुष्यभर दुसरं करतो काय? चिखलात रुतलेली गाडी ढकल, तोफ ढकल, गोळा ढकल. शब्द अडला तर तोही ढकलणारच. मॅडम म्हणाल्या, “दादा, शब्द म्हणजे गाडी नाही. जितकं ढकलाल तितका रुतेल. हात काढा, तो आपला चालतो.” मला ते पटायला आठवडा गेला. माझ्या मानेला पटायला त्याहून जास्त.

आणि मग आमच्या हातून ते घडलं, जे फक्त फौजींच्याच हातून घडू शकतं.

एके सकाळी मॅडमनी सगळ्यांना एकच उतारा एकत्र वाचायला लावला. आणि चमत्कार! सात तोंडं, एक आवाज, कुणीही कुठंही अडलं नाही. पंजाबी ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडम समजावत होत्या, की एकत्र बोलताना बहुतेक लोक अडखळत नाहीत, हा इलाज नाही, फक्त सुटं बोलणं कसं लागतं याची चव आहे. पण ऐकतो कोण? नायब सुभेदारांनी दुपारी आम्हाला व्हरांड्यात गोळा केलं आणि डोळ्यांनीच विचारलं, कळलं ना? सगळ्यांना कळलं होतं. आपण एकेकटे बोलायचंच कशाला? पलटण कशासाठी असते?

त्या दिवसाचा गृहपाठ होता, नाशिकला जाऊन मिसळीच्या दुकानात प्रत्येकानं स्वतःची ऑर्डर स्वतः द्यायची. आम्ही गेलो. रविवारची गर्दी, रश्शाचा वास, टेबलं भरलेली. वेटर आला. नायब सुभेदारांनी टेबलावर बोटानं ठेका धरला, एक, दो, आणि आम्ही सातही जण छाती काढून गरजलो:

“भैया! सात मिसल! रस्सा अलग! पाव ज्यादा!”

दुकान थिजलं. एका आजोबांचा घास हातातच राहिला. शेजारच्या टेबलावरचे दोघं तर उठून सावधान उभे राहिले, त्यांना वाटलं आता काहीतरी सुरू होणार. वेटरनं सॅल्यूट ठोकला आणि आतल्या आचाऱ्याला ओरडला, “सात फौजी स्पेशल!” आणि आम्ही असे खूश, जणू काही किल्ला घेतला.

“आणखी काय पाहिजे?” वेटरनं मला एकट्याला विचारलं.

मी नायब सुभेदारांकडे बघितलं. ठेका. “कुछ नहीं! शुक्रिया!” सातही जण.

कोपऱ्यातल्या टेबलावर एक बाई पाठमोरी बसून दही-मिसळ खात होती. ती खात नसून खांदे हलवून हसत होती हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी गोड आवाजात विचारलं, “मिसळ चांगली होती?”

“यस मॅडम!” सातही जण.

“ऑर्डर कोणी दिली?”

आता मात्र पंखा ऐकू यायला लागला. नायब सुभेदार उभे राहिले. इतक्या पदकांचा माणूस, पोरासारखा. “म-म-म-मॅडम,” ते म्हणाले, “प्लान मेरा था. इन सबका क-क-कसूर नहीं.” तालाशिवाय, सोबतीशिवाय, स्वतःच्या तुटक्या आवाजात त्यांनी ते सगळं वाक्य शेवटपर्यंत नेलं. त्या खोलीत मी ऐकलेलं ते सगळ्यांत धाडसाचं वाक्य. मॅडमनी त्यांना बसायची खूण केली. म्हणाल्या, “साब, ही कालच्या सातही मिसळींपेक्षा चांगली ऑर्डर होती.” मग माझ्याकडे वळून मराठीत, “आणि तुम्ही, दादा. तोफेवर हे सहा जण तुमच्याबरोबर येणार आहेत का?”

नव्हते येणार. तेच तर होतं.

त्यानंतर मॅडमनी जे सांगितलं ते ऐकून आम्हाला सीमेवर परत पाठवा म्हणावंसं वाटलं. आता अनोळखी माणसाजवळ जायचं आणि मुद्दाम अडखळायचं. अडेल म्हणून नव्हे, आपण ठरवून. फौजीला सांगणं, की तुझं व्यंग तू स्वतः चौकात मांड! क्लार्क म्हणाला, त्यापेक्षा मी परेडला चप्पल घालून जाईन.

“मी आधी करते,” मॅडम म्हणाल्या.

बुधवार होता. गोदाघाटावरचा बाजार भरला होता. मॅडम आम्हाला घेऊन एका भाजीवालीपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी, ज्यांच्या जिभेवर आयुष्यात कधी खडा आला नसेल त्यांनी, स्वच्छ सांगितलं, “मावशी, म-म-म-मेथी द्या.” लोकांनी वळून बघितलं. मॅडमच्या चेहऱ्यावर सुरकुती नाही. भाजीवालीनं जुडी झटकली आणि म्हणाली, “सावकाश बोल बाई. मेथी काय पळून नाय चालली.”

मग माझी पाळी. आणि टोपल्यात, साक्षात, ढीगभर फ्लॉवर. मी आयुष्यभर कोबी खाल्ली आहे. आवडते म्हणून नव्हे, मागता येते म्हणून. बायकोला अजून वाटायचं, यांना फ्लॉवरची अॅलर्जी.

“मावशी,” मी म्हटलं, “मी अडखळतो. थोडं थांबा.”

“थांबले की.”

मी ओठ दातावर टेकवला. पीस. श्वास सोडला. आणि अडायच्या आधीच मी स्वतः अडलो. “फ-फ-फ-फ-फ्लॉवर.” एकेक फ मोजून, आरामात, जसं रिक्रूट माझ्या हुकमावर पाऊल टाकताहेत. आजवर फ मला थांबवायचा. त्या दिवशी मी त्याला थांबवला. मी म्हटलं तेव्हा तो सुरू झाला, मी म्हटलं तेव्हा संपला. फ माझ्यापुढे सावधान उभा होता हो!

मला एवढा आनंद झाला, की मी आणखी एक मागितला. मग आणखी एक. भाजीवाली म्हणाली, “आरं, किती खातू? पलटण जेवायला हाय का घरी?” मी म्हटलं, “हो मावशी, फौ-फौजच आहे.” मॅडम मागं वळून हसल्या. त्या संध्याकाळी मेसमध्ये फ्लॉवर होता, दुसऱ्या दिवशीही फ्लॉवर, आणि आचारी मला शोधत होता.

उपचार संपले. मॅडमनी निरोप देताना खोटी आशा दिली नाही. म्हणाल्या, अडखळणं येईल, जाईल. तुम्ही पळू नका, एवढंच. त्यानंतर मी रेंजवर परत गेलो, त्या एका संधीसाठी.

सकाळ. ऊन अजून कोवळं. तोफेमागं माझी टोळी. आयुष्यात जे मी कधी केलं नव्हतं ते मी आधी केलं. सगळ्यांना समोर घेतलं आणि सांगितलं, “भाईयों, मैं हकलाता हूँ. फ पर अटकता हूँ. अटकूँ तो घबराना मत, शब्द आ रहा है.”

दोरीवरचा बिहारी जवान म्हणाला, “मालूम है, उस्ताद.”

“तुझे किसने बताया?”

“पूरी रेजिमेंट को मालूम है.”

घ्या! ज्याच्यासाठी मी लहानपणापासून वळसे घातले, अनारसे सांगितले, कोबी खाल्ली, ते गुपित अख्ख्या रेजिमेंटला पाठ होतं, आणि तरी त्यांच्यातल्या एकानंही मला तोफेवरून हटवा म्हटलं नव्हतं. मला उस्ताद म्हणाला तो. अजून नंबर एक झालो नव्हतो, तरी.

हुकूम आले. दिशा, उंची, गोळा. मी एकेक ओरडून दिले, त्यातला एक अडला, मी थांबलो, पुन्हा घेतला. गोळा भरला. नेम लागला. मी हात वर केला, तोफ तयार. मागं उस्ताद उभे होते, आणि पहिल्यांदाच ते ओरडत नव्हते.

साहेबाचा हुकूम आला.

मानेला जुनी सवय आठवली. ती वर जायला लागली. मी तिला खाली घेतली. डोळे उघडे ठेवले. ओठ दातावर, पिसासारखा. ढकललं नाही. श्वास गेला पुढं, आणि त्याच्या मागून,

“फ-फ-फाऽऽऽयर!”

आणि तोफ बोलली.

काय बोलली! पंचवटीतले पारवे उडाले. पिंपळगावच्या वेलींवरची द्राक्षं पिकली. चांदवडला माझी आई धुणं टाकून बाहेर आली आणि म्हणाली, वीज पडली का कुठं? हे ती अजून सांगते, आणि माझी आई खोटं बोलत नाही, तो गुण आमच्या घरात फक्त माझ्याकडे आला. गोळा समोरच्या डोंगरावर बरोबर जिथं पडायचा तिथं पडला. गोळ्याला दोन जादा फ लागलेत की नाही, हे डोंगरानं विचारलं नाही.

उस्ताद जवळ आले. माझ्या हेल्मेटचा पट्टा आधीच घट्ट होता. त्यांनी तो आणखी घट्ट केला, इतका की मला गिळता येईना, आणि पुढच्या तोफेकडे जाऊन तिथल्या पोरावर ओरडायला लागले. तेवढ्यावरून मला समजलं, की मी तोफेवर राहिलो.

दुपारी मी मॅडमना फोन केला. आधी माझं नाव सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मग बाकीचं. त्यांनी विचारलं, “अडखळलात?”

“हो. दोन फ जास्तीचे गेले.”

“आणि गोळे?”

“एकच.”

पलीकडे मग नाक ओढल्यासारखं काहीतरी झालं, आणि त्या म्हणाल्या, नायब सुभेदार साबना कळवते, ते सकाळपासून तुमच्या फोनची वाट बघत माझ्या टेबलासमोर बसलेत.

संध्याकाळपर्यंत माझी ही हकिकत मेसमध्ये, गाड्यांच्या रांगेत, न्हाव्याकडे, सगळीकडे सांगून झाली होती, आणि दर वेळी डोंगर थोडा जास्त हलत होता. एकच माणूस राहिला होता, स्टोअरचा हवालदार. कळवणचा माणूस, माझ्यासाठी तिथं खुर्ची पुसून ठेवलेली. मी त्याच्या दारात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, घार, पारवे, द्राक्षं, आणि शेवटी तो फायर जसा दिला तसा पुन्हा दिला, त्याच्या पत्र्याचं छप्पर थरथरेपर्यंत. तो घडी घालत होता. हातातलं कांबळं त्यानं थप्पीवर ठेवलं, वरून हात फिरवला.

“म्हंजी तू नाय येत,” तो म्हणाला. “जाताना दार ओढून घे.”